गाडीतलं तुम्हाला काय कळतंय, वहिनी?

मैत्रिणींनो, जुन्या साड्या देऊन स्टीलचं पातेलं घेताना आपण बोहारणीशी अर्धा तास घासाघीस करतो. रद्दी देताना तराजूच्या काट्यावरून नजर हलू देत नाही. सोनं मोडायचं झालं तर आजचा भाव काय, वजन किती, घट किती धरली, हे सोनाराला चार वेळा विचारतो. आणि घरातली तीन-चार लाखांची पिकअप गाडी विकली जाते, तेव्हा भाव आपल्या कानावर येतो तो व्यवहार झाल्यावर! तोही एका वाक्यात. ‘दिली बघ गाडी.’ केवढ्याला दिली, त्याच्यापेक्षा जास्त मिळाले असते का, कागद कोणाच्या नावावर गेले, हे विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘गाडीतलं तुला काय कळतंय?’

आपल्या तालुक्याच्या गावात आता गल्लीगल्लीत एखादी पिकअप किंवा ‘छोटा हत्ती’ उभा असतो. लासलगावला कांदा न्यायचा, सांगोल्याची डाळिंबं, तासगावचे बेदाणे न्यायचे, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान, कोणाच्या घराचं बिऱ्हाड, सगळं याच गाड्यांवर चालतं. टाटाचा छोटा हत्ती २००५ मध्ये बाजारात आला आणि कितीतरी घरांत पहिल्यांदाच स्वतःची गाडी आली. ही गाडी म्हणजे हौस नव्हे, ते घराचं पोट असतं. आणि गाडी घेताना सुरुवातीला जी रक्कम भरावी लागते, ती बहुतेक वेळा कुठून येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पाटल्या जातात, गंठण जातं, बचत गटाचं कर्ज निघतं. कितीदा तर गाडी बाईच्याच नावावर घेतलेली असते. घेताना आपण चालतो, हप्ते भरताना आपण चालतो. मग विकताना आपल्याला कळत नाही, हे कसं काय?

खरं सांगू का? जुन्या गाडीचा भाव काढणं हे काही इंजिन खोलण्याइतकं अवघड नाही. तो हिशेब आहे. आणि हिशेब तर आपण रोज करतो. महिन्याचा किराणा, दिवाळीचा फराळ, मुलीच्या कॉलेजची फी, हे सगळं ज्या डोक्यात बसतं त्या डोक्यात गाडीचा भाव न बसायला काय झालं?

पहिली गोष्ट म्हणजे आपण गाडीत किती पैसे घातले, यावरून भाव ठरत नाही. हे ऐकायला कडू लागतं. ‘सात लाखांना घेतली होती, मागच्याच वर्षी इंजिनाचं काम केलं, साठ हजार गेले,’ असं आपण सांगतो. घेणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय? तो बघतो की आज याच पैशात त्याला दुसरं काय मिळतंय. म्हणून सुरुवात करायची ती आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून. यात एक ताजी गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे कर सोडून आठ लाखांची गाडी असेल, तर जी पूर्वी करासकट १०,२४,००० रुपयांना पडायची, ती ९,४४,००० रुपयांना पडू लागली. ऐंशी हजारांचा फरक! नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही आपोआप खाली ओढला जातो. त्याच्याआधी शेजाऱ्यांनी गाडी केवढ्याला विकली, तो आकडा धरून बसलो तर गाडी अंगणातच उभी राहील.

विम्याच्या कागदावर ‘आयडीव्ही’ म्हणून एक रक्कम लिहिलेली असते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जी किंमत धरते ती ही. पहिल्या पाच वर्षांत ती ठरावीक टक्क्यांनी खाली येते. गाडी दुसऱ्या वर्षात असली तर कंपनीच्या विक्री किमतीतून साधारण २० टक्के वजा, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्या वर्षात ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. हा काही बाजारभाव नव्हे, पण कोणी अगदीच हवेतला आकडा सांगत असेल तर हा कागद पुढे ठेवायला बरा.

खरा भाव कळतो तो विकल्या गेलेल्या गाड्यांवरून. जाहिरातीत किंवा फळकुटावर जो आकडा असतो तो मागितलेला असतो, मिळालेला नसतो. म्हणून जिल्ह्यात त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या दोन-तीन गाड्या गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणी विकल्या ते शोधायचं आणि हातात किती आले ते विचारायचं. साल मात्र जुळलं पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिनाच्या गाड्या आल्या, त्याच्या आधीच्या गाड्या वेगळ्या. आंब्याची किंमत पेरूला लावून चालत नाही.

आमच्या भागातल्या एका बचत गटातल्या ताईंचं उदाहरण सांगते. नवऱ्याच्या कमरेचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. २०१७ ची पिकअप दारात उभी राहिली. दोन महिन्यांनी एक एजंट आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, ‘वहिनी, दोन नव्वद. रोख. आत्ता. बाजारच पडलाय, काय करणार?’ घरात पैशांची ओढ होती. दुसरी कोणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. या ताई म्हणाल्या, ‘भाऊ, आठ दिवसांनी सांगते.’

आठ दिवसांत त्यांनी काय केलं? दुधाच्या फेरीवर जाणाऱ्या, मंडपवाल्या, भाजीच्या गाडीवाल्या ओळखीच्या घरांत फोन लावले. तीन गाड्यांचे विकलेले भाव मिळाले, ३,६०,०००, ३,८५,००० आणि ४,१०,०००. महागात गेलेल्या गाडीला चारही टायर नवे होते. स्वस्तात गेलेलीची चासी अपघातानंतर जोडलेली होती. म्हणून मधला आकडा धरला. मग गावातल्या जुन्या मेस्त्रींना ३०० रुपये देऊन गाडी दाखवली आणि जे दुरुस्त करायला लागेल ते खर्चासकट वहीत लिहून घेतलं. मागचे दोन टायर गेलेले, १४,००० रुपये. क्लचप्लेट संपत आलेली, १२,०००. हौद्याचा तळाचा पत्रा सडलेला, १०,०००. झाले वजा ३६,०००. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच नवी बसवलेली, तिचे ४,००० जमेला धरले. ३,८५,००० मधून ३६,००० गेले, ४,००० मिळवले. रास्त किंमत निघाली ३,५३,००० रुपये.

बघा, वहीचं एक पान! ताईंनी सांगायचा भाव ठेवला ३,७५,०००, कारण समोरचा घासाघीस करणारच. ३,४०,००० च्या खाली जायचं नाही, हे नवराबायकोनं बसून आधीच ठरवलं. हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं. नाहीतर समोरच्यानं नोटांचं बंडल टेबलावर ठेवलं की आपलं मन पाघळतं. शेवटी शेजारच्या गावातल्या एका तरुण भाजीवाल्यानं ती ३,४८,००० रुपयांना घेतली. एजंटाच्या भावापेक्षा ५८,००० जास्त.

आता एजंट वाईटच असतो, असं मला म्हणायचं नाही. तो गिऱ्हाईक शोधतो, कागदांसाठी हेलपाटे घालतो, गाडी महिना-दोन महिने विकली गेली नाही तर त्याचे पैसे अडकतात. त्याला त्याची मजुरी मिळायला हवीच. पण ती किती, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. मुलाच्या ऑपरेशनसाठी उद्याच पैसे हवे असतील, तर ५८,००० कमी घेऊनही गाडी द्यावी लागेल. ते आपण समजून-उमजून केलेलं असेल. बाजार पडलाय या थापेला भुलून केलेलं नसेल.

मेस्त्रीला काय बघायला सांगायचं? रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं गार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं का. चालू इंजिनावर ऑइल टाकायचं झाकण उघडलं की धूर जोरात बाहेर येतो का. गिअर बदलताना आवाज, पाटे तुटलेत का, चासीला कुठे चीर किंवा वेल्डिंग आहे का, चाकांना रिमोल्ड टायर आहेत का. किलोमीटरच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नये म्हणतात, म्हणून सर्व्हिसिंगची बिलं जपून ठेवावीत. आपल्या गाडीची जुनी बिलं ही चांगल्या चालीचा दाखला असतात. ती कुठल्या डब्यात आहेत, हे घरात आपल्याशिवाय कोणाला माहीत असतं?

विकायच्या आधी किती खर्च करावा, हाही प्रश्न येतो. गाडी धुवावी, आतून झाडावी, बंद दिवे चालू करावेत. पण पूर्ण रंग मारून किंवा नवे टायर घालून तेवढे पैसे वसूल होत नाहीत. उलट नवा रंग बघून घेणाऱ्याला संशय येतो, खाली काय लपवलंय? एक खर्च मात्र बऱ्याचदा भरून निघतो, तो पासिंगचा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस काढावं लागतं. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून घेणारा त्याचे खर्चापेक्षा जास्तच पैसे कापतो. तीच गोष्ट विमा, पीयूसी, कराची पावती आणि ई-चलानची. चलान थकलेली आहेत का ते मोबाइलवर बघता येतं, कॉलेजातल्या लेकीला सांगा, दोन मिनिटांत बघून देईल. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही बघा.

कर्जाचा घोळ तर नेहमीचा. गाडीची किंमत वेगळी आणि कर्ज वेगळं. ‘अजून नव्वद हजार फेडायचेत, तेवढे सुटले तरी पुरे,’ असं म्हणून गाडी मातीमोल देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ३,५३,००० ची गाडी कर्ज असलं तरी ३,५३,००० चीच. त्यातून ९०,००० फायनान्सला जातील आणि २,६३,००० तुमच्या हातात राहतील. फायनान्सकडून किती बाकी आहे ते लेखी घ्या, पैसे भरले की एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्या.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. भाव कितीही चांगला मिळाला तरी कागद पूर्ण झाल्याशिवाय तो मिळाला असं धरू नका. आपल्याकडे टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घेण्याची वाईट पद्धत आहे. ‘वहिनी, इथं आणि इथं सही करा, नाव नंतर टाकू.’ आपण पदर सावरत सही करतो आणि विसरतो. गाडी मग एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते आणि आरटीओच्या दप्तरात नाव आपलंच राहतं. याचा अर्थ काय होतो, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्या प्रकरणात मूळ मालकानं गाडी २००७ मध्येच विकली होती, ती पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयानं म्हटलं, नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. विचार करा, जी गाडी आपल्या दारातून जाऊन दोन वर्षं झाली, तिच्या अपघाताची नोटीस आपल्या नावानं आली तर? मिळालेले साडेतीन लाख कुठल्या कुठे जातील आणि वर घरावर बोजा येईल.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख लिहिल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. ते आपण स्वतः करा, समोरच्यावर सोडू नका. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांची पावती ठेवा. इसार घेतला असेल तर इसारपावती करा. पैसे बँकेतून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून आयकर कायद्यानं मनाई आहे, दंड जेवढे घेतले तेवढाच! त्यातही गाडी बाईच्या नावावर असेल तर पैसे बाईच्याच खात्यात आले पाहिजेत. यात भांडण्यासारखं काही नाही, व्यवहाराची रीतच ती आहे.

ज्या मैत्रिणीवर अवेळी आघात झालाय, तिच्यासाठी दोन शब्द. नवरा गेला आणि गाडी त्याच्या नावावर असली तर तेराव्याच्या आतच कोणीतरी नातेवाईक म्हणतो, ‘गाडी उभी राहून खराब होईल, मी लावतो वाट.’ मायेनंही म्हणत असेल. पण घाई करू नका. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते, त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. आधी नाव, मग विक्री. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा असतो. ही माणसं असताना दीर किंवा पुतण्या वारस होत नाहीत. म्हणजे मदत त्यांची जरूर घ्यावी, पण भाव ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे जात नाही. गाडीच्या कर्जाला विमा जोडलेला होता का, हेही फायनान्सकडे जाऊन विचारा. असेल तर कर्ज त्यातून फिटू शकतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्याला भाव कळायला लागला की आपणही समोरच्याला फसवायला मोकळ्या झालो का? मुळीच नाही. गाडी घेणारा कोण असतो? बहुतेक वेळा असाच एखादा पोरगा, ज्याच्या आईनं पाटल्या ठेवून पैसे उभे केलेत. त्या बचत गटातल्या ताईंनी भाजीवाल्याला आधीच सांगितलं होतं, ‘बाळा, क्लचप्लेट बदलावी लागेल, त्याचे बारा हजार मी किमतीतून कमी केलेत.’ वहीचं पानच त्याच्यापुढे ठेवलं. त्यामुळे घासाघीस फार झालीच नाही. लपवलं असतं तर बारा हजार वाचले असते कदाचित. पण लहान गावात पुढच्या आठवड्याच्या बाजारात तोंड दाखवायचं असतं. रास्त भाव मी त्यालाच म्हणते, ज्याचा प्रत्येक आकडा समोरच्याला वाचून दाखवता येतो.

या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत किंवा भिशीला एवढं एक करून बघा. गावातल्या विश्वासातल्या मेस्त्रीला तासभर बोलवा. कोणाच्या तरी दारातली पिकअप उभी करा आणि त्यांना विचारा, यात काय बघायचं, कशाला किती पैसे लागतात. आरसी बुक, विमा, पासिंगचे कागद आपल्या घरात कुठे आहेत आणि कोणाच्या नावावर आहेत, ते त्याच दिवशी घरी जाऊन बघा. गाडी आज विकायची नसली तरी बघा.

आणि पुढच्या वेळी गाडी बघायला माणसं आली, की चहाचा ट्रे ठेवून लगेच आत जाऊ नका. वही घेऊन तिथंच बसा.